मामांचं फ्लायव्हील

लोखंडाची देखभाल करणारी माणसं पुष्कळ असतात, पण लोखंडाची ख्यालीखुशाली विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळचे राजापूरकडचे, मस्कतला अझैबातल्या एका बागकाम कंपनीत पंप मेकॅनिक. तीस वर्षं ओमानात काढूनही त्यांना अरबी शब्द येत जेमतेम दहा, आणि त्यातले सहा पाना-पक्कड मागण्याचे. मस्कतमध्येच दार्सैतला आमच्या घरी आले की जिना चढण्याआधी माझ्या गाडीचं बॉनेट उघडत, आत कान लावत आणि वर येऊन गंभीरपणे सांगत, "जावईबापू, तिला खोकला झालाय." एकदा आमच्या बिघडलेल्या फ्रिजशी ते इतका वेळ हळू आवाजात बोलत होते की बायकोला वाटलं, गावाहून मामींचा फोन आलाय. जावई म्हणून माझा मान तर ते असा ठेवत की मलाच घाम फुटावा. पंखा माझ्याकडे वळवत, टॅक्सीत मला पुढे बसवत, माझ्या हातात भाजीची पिशवी दिसली की हिसकावून घेत. हे सगळं मी मित्रमंडळींत नकला करून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

मामांचा खरा जीव होता तो त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, म्हाताऱ्या वडिलांच्या ट्रॅक्टरवर. बरका गावाजवळच्या त्यांच्या खजुराच्या बागेत एक जुनापुराणा, बुटका, बागेपुरताच ट्रॅक्टर होता. कुणी इंग्रज इंजिनिअर देश सोडताना तो देऊन गेला होता. म्हाताऱ्या बाबांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यावर बसून ते आपली झाडं बघत फिरत. त्याचे जुने सुटे भाग पूर्वी मामांना भंगारवाल्याकडे एका चहावर मिळायचे. पण परदेशातल्या हौशी लोकांनी इंटरनेटवर त्याला 'व्हिंटेज' म्हणायला सुरुवात केली आणि मामांचे दिवस फिरले. ज्या पठाणाकडे ते दर शुक्रवारी जात, तोच एके दिवशी गंजलेली एक चकती फडक्याने पुसत म्हणाला, "मामू, ये अब कबाड़ नहीं, एंटीक है." मामा तिथून घरी आले ते सोन्याचा भाव ऐकून आल्यासारखे. "आपण म्हातारे झालो की किंमत कमी होते," ते म्हणाले, "यांची बघा कशी वाढते!" पुढे पुढे तर किंमत विचारायलाही वस्तू उरली नाही.

आणि नेमकं तेव्हाच त्या ट्रॅक्टरचं फ्लायव्हील तडकलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिन एका लयीत फिरतं ठेवणारं बिडाचं जड चाक. ते गेलं आणि ट्रॅक्टर बसला, त्याबरोबर बाबांचं बागेत फिरणंही बसलं. मामांना वर्षभराने निवृत्त होऊन कायमचं गावी जायचं होतं. त्याआधी बाबांना पुन्हा फिरतं करीन, असा शब्द त्यांनी दिला होता. त्यांनी लुधियाना, राजकोट, कोइमतूर, कुठे म्हणून फोन करायचे ठेवले नाहीत. शेवटी नाशिकजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या गोठ्यात तसं फ्लायव्हील सापडलं. त्याने तोंडाला येईल ती किंमत सांगितली आणि मामांनी महिन्याचा पगार निमूटपणे पाठवून दिला. मी तेव्हा सुट्टीवर मुंबईत होतो. मामांचा फोन आला. आधी पाच मिनिटं माझ्या तब्येतीची चौकशी, मग खाकरणं, मग, "जावईबापू, सांगायला जीभ रेटत नाही, पण एक लोखंड आणाल का?"

आखातातली माणसं एकमेकांचं सामान नेतातच. त्यात उपकार नाहीत, तो रिवाजच आहे. मीही हो म्हणालो. पण विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली तर वजन आठ किलो जास्त. एका बाजूला मामांचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चाक, दुसऱ्या बाजूला सासूबाईंनी दिलेली आंबेमोहोराची पिशवी. आंबेमोहोर मस्कतमध्ये रुवीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. ते चाक जगात कुठे मिळत नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मागे रांग होती, काउंटरवरची मुलगी घड्याळ बघत होती, आणि खरं सांगायचं तर 'म्हाताऱ्याचा खुळेपणा' असंच माझ्या मनात आलं. मी चाक काढलं, कचऱ्याच्या डब्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं आणि तांदूळ घेऊन मस्कतला आलो.

मामा विमानतळावर घ्यायला आले होते. बॅग त्यांनीच उचलली, आणि उचलताक्षणी वजनावरून त्यांना कळलं. मी म्हणालो, "मामा, सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतलं. एक्स-रेमध्ये काहीतरी भलतंच दिसलं म्हणे." ते एकदम थांबले. मला वाटलं, आता विचारतील, पावती कुठे, अधिकारी कोण. त्यांनी विचारलं, "तुम्हाला फार त्रास दिला का हो त्यांनी?" पुढच्या शुक्रवारी ते जेवायला आले. बायकोने तोच आंबेमोहोर शिजवला होता. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "भात काय मऊ झालाय!" म्हणत मामांनी दोनदा वाढून घेतला आणि हात धुताना मला हळूच म्हणाले, "चूक माझीच. जावयाला लोखंड वाहायला लावलं, देवाला तरी कसं आवडेल?"

त्यानंतर मामा गावी सुट्टीवर गेले, ती त्यांची शेवटची सुट्टी. मामी तिकडे वाट बघत असताना या माणसाने दोन दिवस मुंबई विमानतळावर घालवले, हातात फ्लायव्हीलचं स्वतः काढलेलं चित्र घेऊन. परत आल्यावर म्हणाले, "भली माणसं. चहा पाजला. पण काढून घेतलेल्या वस्तूंत असं काही नाहीच म्हणतात." मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एखाद्या जाणकाराने उचललं असेल. म्हणजे कुठेतरी फिरतंय, एवढं नक्की." तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवून सांगायला हवं होतं. मी चहाला साखर पुरे का, ते विचारलं.

कायमचं जाण्याआधी बाबांचा निरोप घ्यायला मामांना मीच बरक्याला घेऊन गेलो. म्हातारे बाबा खजुराच्या सावलीत त्या बंद ट्रॅक्टरवरच बसले होते. पांढरीशुभ्र दाढी, हात स्टिअरिंगवर. मामांनी आपल्या दहा शब्दांत हिंदी मिसळून सांगितलं, "बाबा, खलास. नहीं मिला." बाबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हा आणणार होता ना? मामा झटकन पुढे झाले. "नहीं बाबा, ये नहीं. मेरे हाथ से गुम हुआ." परक्या माणसासमोर जावयाचा कमीपणा नको, म्हणून त्या सरळ माणसाने माझा दोष आपल्या अंगावर घेतला. बाबा हसले. "माफी मुश्किल," म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही.

मग मामांना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी बागेतल्या दोन कामगारांना हाक मारली, गिअर सोडवला आणि तिघांनी मिळून बाबांसकट ट्रॅक्टर ढकलायला सुरुवात केली. मी धावत जाऊन मागे हात लावला. "जावईबापू, तुम्ही नको," मामा धापा टाकत म्हणाले, "तुम्ही सावलीत थांबा." मी थांबलो. ट्रॅक्टर खजुरांमधून हळूहळू जात राहिला, बाबा एकेका झाडाकडे मान वळवून बघत राहिले, आणि साठीचे मामा मागून ढकलता ढकलता त्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढत होते, अगदी हुबेहूब, एकाही ठोक्याची चूक न करता.