सरकवलेले कॅन

अमेरिकेतल्या टोलेडो बेंड तळ्याकाठच्या माणसांना पाण्याची भीती नसते, असं बाहेरचे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा हिवाळ्यात यावं. धरण बांधलं तेव्हा झाडं तोडायचीही कुणाला सवड झाली नाही. रान उभंच्या उभं बुडवलं, त्यातच व्हर्लीन सेपुल्व्हाडोच्या आजोबांचं शेतही. हिवाळ्यात पाणी उतरलं की त्या झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभर उभे असतात. दिसत नाहीत. बोट वेगात असेल तर माणूस आधी उडतो, कशावर आपटलो ते मागाहून कळतं.

व्हर्लीन याच तळ्यावर पाहुण्यांना बास मासा धरायला नेते. वसंतात बास काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो, तेव्हा तिला वादळाची धास्ती. उन्हाळ्यात तो बुडालेल्या जुन्या रस्त्यावर खोल उतरतो, तेव्हा विजेची. शरदात तो छोट्या माशांमागे ओढ्यांत शिरतो, तेवढाच काय तो मोकळा श्वास. हिवाळ्यात मात्र बास गोळा होतो आजोबांच्या शेताच्या बांधाशी, आणि तिथली वाट खुंटांमधून, जेमतेम एका बोटीची. ती आणि धाकटा भाऊ हार्लिस यांनी दुधाचे रिकामे कॅन खुंटांना बांधून ती आखलेली. पांढरा कॅन उजव्या हाताला ठेवायचा आणि जायचं.

चालक बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी एक दोरी बोटीत असते. जाकिटाला ती अडकवल्याशिवाय व्हर्लीन किल्ली फिरवत नसे. हार्लिस धक्क्यावर चारचौघांत विचारायचा, "ताई, नाळ कधी कापणार?" त्यानं स्वतः ती दोरी कधी लावली नाही.

त्या हिवाळ्यात शहरातल्या मासेमारीच्या स्पर्धावाल्यांनी तिची पाठ धरली. ती निघाली की चकचकीत बोटी मागे. तिनं नीट सांगून पाहिलं. एकानं विचारलं, पाणी काय तुझ्या बापाचं?

"बापाचं नाही. आजोबांचं," ती म्हणाली, आणि तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. संध्याकाळी जाऊन तिनं वळणावरचे कॅन सोडले आणि आत, दाट खुंटांत नेऊन बांधले. मोडू देत त्यांच्या इंजिनांचे पंखे. हार्लिसला सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तो तर सकाळी सासुरवाडीला मक्याचे तमाले वाफवायला जाणार होता.

सकाळी दार उघडलं तर समोरचा धक्काही दिसेना, असं धुकं. या धुक्यात वेगानं आलेला माणूस पंखा नव्हे, मान मोडून घेईल. कॉफी तशीच टाकून ती कॅन परत जागेवर बांधायला निघाली. मुंगीच्या पावलानं पहिल्या कॅनपाशी पोहोचली. गाठ भिजून आवळलेली, बोटं बधिर.

तेवढ्यात इंजिन ऐकू आलं. मधूनच खोकणारं. तो खोकला तळ्यावर एकाच बोटीचा होता. हार्लिस सासुरवाडीला गेलाच नव्हता.

तिनं भोंगा दाबला, आणि दाबल्यावर चूक तिच्या लक्षात आली. धुक्यात भोंगा वाजला की त्या भावाबहिणीत एकच अर्थ होतो: वाट मोकळी आहे, ये. इंजिनाचा वेग वाढला. ती घसा फाटेपर्यंत ओरडली, कॅन बघून येऊ नकोस म्हणून. ते त्याच्यापर्यंत गेलंच नाही.

धाडकन आवाज झाला. त्यानंतर शांतता झाली असती तर बरं होतं. इंजिन चालूच राहिलं, आणि त्याचा आवाज गोल गोल फिरू लागला. बोटीत कुणी नव्हतं.

बॅटरीच्या छोट्या मोटरवर, खुंटांना घासत, हाका मारत ती आत शिरली. हार्लिस एका खुंटाला मिठी मारून होता. ओठ निळे, एक हात लोंबकळत. तिनं कॉलर धरून त्याला आत ओढलं.

"कॅन हलवलेत कुणीतरी," त्याचे दात वाजत होते. "सापडू दे. पाय मोडतो त्याचे."

"माझे मोड," व्हर्लीन म्हणाली.

धुक्यात इंजिनाचा आवाज वळला, मोठा झाला. खुंटावरून उसळून मोकळ्या पाण्यात पडलेली त्याची बोट घिरट्या घालत होती, प्रत्येक फेरीला थोडी अलीकडे. लाट आली आणि यांची बोट खुंटावर घासली. पटकन हलायला जागाच नव्हती.

"ते नंतर," हार्लिस कुजबुजला. "आता गप्प बस. कुठून येतेय ते ऐक."

व्हर्लीननं मोटर बंद केली, त्याचा धड हात घट्ट धरला आणि ऐकू लागली.