तांडेलकाकांची गळती

तांडेलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. आपण "या, बसा" म्हणावं आणि त्यांनी कौलांकडे मान करून उभंच राहावं. मग नळ, मग माठ, मग मोरीचा कोपरा. जन्म बोटींच्या इंजिनघरात गेलेला, त्यामुळे जिथे जातील तिथे पाणी कुठून झिरपतंय ते शोधायचं. खरं तर तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि काका कधीच तांडेल नव्हते. पण आमच्या वाडीने एकदा नाव ठेवलं की ते कायमचं. "बारीक आसली म्हणून काय झाला? गळती ती गळतीच," असं म्हणत ते आमच्या माठाला बुडाशी सिमेंट लावून गेले होते. त्या माठाचं पाणी पुढे कधी गार झालं नाही.

देशोदेशी फिरून आलेला माणूस निर्धास्त असेल असं आपल्याला वाटतं. काका मुलखाचे काळजीखोर. मी तेव्हा पालीच्या शाळेत शिकवायला जात असे. संध्याकाळची एसटी जरा लांबली की काका छत्री घेऊन फाट्यावर हजर. "गाडी बिघडली काय गो बाय?" मी समोर धडधाकट उभी असले तरी हा प्रश्न ठरलेला. मला त्याचा राग येई आणि ज्या दिवशी ते दिसत नसत त्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखंही होई.

या घाबरट माणसाचा दम मात्र दांडगा होता. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की काका शंख फुंकत, आणि तो एका दमात असा लांब वाजे की त्यांच्याबरोबर श्वास रोखून धरणारी पोरं मध्येच तो सोडून हसायला लागत. त्या आवाजाशिवाय वाडीतली होडी पाण्यात जात नसे. काकांचा पुतण्या बाबू तर शंख वाजेपर्यंत होडीला हातही लावत नसे.

त्या वर्षी पौर्णिमेच्या थोडं आधी काकांची वरची दाढ किडली आणि शहरात जाऊन त्यांनी ती काढून घेतली. दाताच्या डॉक्टरांनी पथ्यं सांगितली: विडी नाही, कढत काही नाही, नाक शिंकरायचं नाही. काकूंनी ती अशी पाळून घेतली की काका पेज खाऊन खाऊन रडकुंडीला आले. पौर्णिमेला मात्र दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. देवाच्या कामाला पथ्य आड येईल हे कुणाच्या मनात येणार?

नारळ पाण्यात पडला. काकांनी शंख ओठाला लावला, गाल फुगवले, आणि नुसतं फुस्स झालं. पुन्हा फुंकला. पुन्हा तेच. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेवटी एक म्हातारा पुटपुटला, "दर्यानं घेतलान नाय." म्हणजे दर्याने आमचा नारळ नाकारला. हे सगळ्यांच्याच मनात होतं, त्याने फक्त बोलून दाखवलं.

तरीही पोटासाठी दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या. दुपारनंतर वारा फिरला. संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्या परत आल्या, बाबूची आली नाही. काका धक्क्यावर जाऊन बसले ते उठेनात. "माझ्या हातनं शंख वाजला नाय गो बाय. पोराला काय झाला तर?" मी आपली "काही होत नाही हो" म्हणत होते. एवढी शिकलेली मी, शंखाचा आणि वाऱ्याचा काय संबंध, असं मनाला बजावत होते आणि मन ऐकत नव्हतं.

सकाळी बाबू आला. वाऱ्यामुळे दुसऱ्या बंदरात थांबला होता, एवढंच. काकूंनी धक्क्यावरच चहा आणला. काकांनी पहिला मोठा घोट घेतला आणि तो उजव्या नाकपुडीतून धोतरावर सांडला. काकू किंचाळल्या. काकांनी दुसरा घोट घेतला. तोही नाकातून आला. मग ते हसायलाच लागले.

"दर्या रागावला नाय गो! भोक माझ्याच थोबाडात हाय. शंखातला वारा हितनं पळाला!"

"अवो, हसताव काय?" म्हणत काकू रडत होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या शोधणाऱ्या माणसाला स्वतःची सापडली होती. त्यांची काळजी तिथे संपली आणि आमची सुरू झाली.

कारण लवकरच गाल जड झाला, ताप आला, नाकातून एकाच बाजूने घाण वास यायला लागला. काकूंनी मनात मोठ्या आजाराचं नाव घेतलं होतं. ते नाव तोंडातून निघू नये म्हणून त्या पदर चावत. दाताच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. वरच्या दाढेची मुळं नाकाशेजारच्या पोकळीला टेकलेली असतात, ते सांगू लागले. बारीक फट राहिली असेल, ती भरलीही असती, पण शंखाच्या जोराने उघडली आणि आता आत पू झालाय. काका म्हणाले, "नाक शिंकरू नको म्हणून सांगितलात. शंखाचा काय बोललात नाय." डॉक्टरांनी कोल्हापूरच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

कोल्हापूरला नेऊन पोकळी धुतली, हिरडी ओढून भोक शिवलं. परत आणताना अख्खा आंबा घाट काकू त्यांच्या नाकाकडे बघत होत्या. शिंक आली तर टाके तुटतील अशी तंबी होती. त्यामुळे वाडीत कुणी मिरच्या भाजेना, फोडणीला लसूण चालेना. आमच्याकडे माशांचं सार सुद्धा फिकं झालं, आणि एकानेही कुरकुर केली नाही. काकांचं नाक जरा हुळहुळलं की चार घरं श्वास रोखत.

टाके टिकले. पुढच्या वर्षी पौर्णिमेला डॉक्टरांच्या परवानगीने काकांनी शंख उचलला, तेव्हा दर्याकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे काकांच्या नाकाकडे. काकूंनी तर स्वतःचंच नाक चिमटीत घट्ट धरलं होतं, जणू तेवढ्याने काकांची गळती थांबणार होती. शंख वाजला. पूर्वीइतका लांब नाही, पण वाजला. पुढे काका होते तोवर दर वर्षी काकू तसंच नाक धरत आणि आम्ही त्यांना चिडवत असू.

काका गेले त्या वर्षी शंख बाबूने घेतला. बाबू दणकट, बत्तीस दात शाबूत. तरी त्याने गाल फुगवले तशी काकूंनी नाकाला चिमटी लावली आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत सोडली नाही. मग होडीवाल्यांना म्हणाल्या, "जावा आता." मी चिडवायला तोंड उघडलं, तर माझा आवाज नाकातूनच आला. माझीही बोटं नाकावरच होती.