अठ्ठावीस नंबरचं शटल आणि माझं लग्न

अक्काला जाऊन आज वर्ष झालं, आणि सकाळपासून मला हसू येतंय.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जुळे सोलापुरात फिजिक्सचे क्लास घ्यायची. रॉकेट लॉन्च असला की शिकवणं बंद, सगळी पोरं आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर!

माझं शिवानंदशी जमलं, तेव्हा अक्काचं लग्न व्हायचं होतं. तिला घाईही नव्हती.

पण बैठकीला वळसंगचे मामा आले आणि चहा संपायच्या आत निकाल दिला.

"थोरली घरात असताना धाकटीचं लगीन? आदी एक नंबर, मग दोन नंबर!"

शिवानंदच्या घरचे आणखी थांबायला तयार नव्हते. मी आत रडत बसले.

अक्का ओढणी खोचून बाहेर गेली.

"मामा, अमेरिकेचं स्पेस शटल होतं बघा. त्याची अठ्ठावीस नंबरची फ्लाइट कधी उडाली?"

"सत्तावीसच्या मागनं की."

"नाही. तीसच्या नंतर."

"आँ? असं कसं?"

"नंबर प्लॅनिंगच्या वेळी देतात. उडायचं मात्र तयारी झाल्यावर. एकाची तयारी नाही म्हणून दुसऱ्याला अडवून ठेवत नाहीत. आणि मागं राहिलं म्हणून अठ्ठावीसचा नंबर कुणी काढून घेत नाही. मी थोरलीच राहणार की!"

मामांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले,

"आन तू कवा उडणार?"

"मला अजून यानच पसंत पडलं नाही."

आधी बाबा हसले. मग मामा.

"लई आगाव हाय ही. काढा धाकटीचा मुहूर्त!"

माझ्या वरातीत सगळ्यात जास्त अक्काच नाचली.

त्यानंतर प्रत्येक कार्यात लोकांनी तिला टोमणे मारले. मला तिने कधी कळू दिलं नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, तेही ती गेल्यावर.

चाळिशीनंतर अक्काने रजिस्टर लग्न केलं. कॉलेजच्या लॅबमधले, अगदी कमी बोलणारे आमचे भाऊजी. साक्षीदार म्हणून सही करायला मामा स्वतः मोटारसायकलवर आले. फेटा बांधून!

संसार थोडीच वर्षं झाला. पण काय हसायची दोघं!

आज सगळे माझ्याकडे जेवायला आहेत. शेंगापोळी केलीय. भाऊजी तिचे किस्से सांगतायत, चक्क न थांबता.

अक्का, माझ्या वाट्याची बोलणी तू खाल्लीस. मी सुखात आहे गं.

आपल्या घरच्या रीतीने तुला नमस्कार: शरणु शरणार्थी.