अक्काच्या स्वयंपाकघराचं दार

भाऊबीजेला मी भडगावजवळच्या एका गावी माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जातो. खरं तर ओवाळून घ्यायला कमी आणि भरीत खायला जास्त. देवपूरला आमच्या घरी गॅसवर भाजलेल्या वांग्यालाही भरीत म्हणतात; घरात शांतता राहावी म्हणून मीही म्हणतो. पण भरीत म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं, सालीला कोळशाचा वास लागलेलं, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. ते अक्कानंच करावं.

दिवाळीत अक्काचं घर कापसाचं गोदाम झालेलं असतं. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. बाहेर ठेवला तर दव पडतं, उंदीर लागतात, चोराचीही धास्ती. म्हणून भाव चढेपर्यंत कापूस घरात आणि माणसं ओट्यावर, हा आमच्या भागातला रिवाज. आगीची भीती एवढी, की ओवाळणीसुद्धा ओट्यावरच होते. निरांजन घेऊन अक्का बाहेर निघाली की दाजी, म्हणजे तिचे यजमान, तिच्या हाताला हात लावून, ज्योतीला आडोसा धरत चालतात. नव्या नवरानवरीसारखे दिसतात, असं मी चिडवतो. दाजी हसत नाहीत. त्यांचं लक्ष ज्योतीवर असतं.

एका वर्षी ओवाळताना अक्का मध्येच थांबली. ताट माझ्या हाती दिलं, खांबाला टेकली आणि तोंडानं श्वास घेत राहिली. खोकला बरेच दिवस होता. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "बाई, विडी ओढता का?" हा किस्सा ती सगळ्यांना हसून सांगायची, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची.

"कापसाची धूळ जाते हिच्या छातीत," मी म्हणालो.

"धूळ बठ्ठासले लागस," दाजी म्हणाले. "माले काय जायं?"

धूळ सगळ्यांनाच लागते, मला कुठे काय झालं, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी वांगी भाजायची वेळ झाली. पोटात कावळे ओरडत होते म्हणून मी आत गेलो. स्वयंपाकघराचं दार बंद. ढकललं, तर समोर नुसता धूर. अक्का कुठे आहे ते आधी दिसलंच नाही, खोकला तेवढा ऐकू आला. मागची खिडकीही घट्ट लावलेली. चुलीत काड्या तडतडत होत्या आणि पदरानं नाक दाबून अक्का वांगी उलटत होती. गॅसची शेगडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली, पाहुण्यांच्या चहापुरती.

"दार लाव रे भाऊ, दार लाव! तठे कापूस शे!" ती ओरडली. "एक ठिणगी उडनी ते बठ्ठं जाई!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापूस घरात आला की अक्का दार-खिडकी लावून चूल पेटवत होती. सकाळ-संध्याकाळ, कापूस विकला जाईपर्यंत. वाऱ्यानं ठिणगी पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा पारा चढला. बाहेर येऊन दाजींना नको नको ते बोललो. "कापसाला एवढं जपता, तसं एकदा बायकोलाही जपा!" सणाच्या दिवशी, त्यांच्याच ओट्यावर. ते खाली मान घालून ऐकत होते. मग उठले, अंग चोरून कापसातून आत गेले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. मला वाटलं, रागावले. थोड्याच वेळात दार उघडून ते खोकत बाहेर आले. डोळे लालभडक. ओट्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. धूर केव्हाच विरला होता.

"मी ते इतला वरीस बाहेरच जेवनू," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं ते बाहेरच जेवत आले होते.

पुढच्या भाऊबीजेला गेलो तेव्हा चूल मागच्या अंगणात, कापसापासून लांब, पत्र्याच्या आडोशाला होती. ती फक्त भरताला. रोजचा स्वयंपाक गॅसवर. गॅसवरची भाकरी दाजींना मुळीच आवडत नाही. ते मुकाट्यानं खातात. अक्काचा खोकला कमी झालाय, पण गेलेला नाही. दोन पायऱ्या चढली तरी थांबते. गेलं ते सगळं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला फार वाईट वाटतं, तिला मी ते दाखवत नाही.

परवा गेलो, तर अक्का माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. शेगडी पेटवायच्या आधी तिचा हात सवयीनं दाराकडे गेला आणि तिनं दार लावलं.

दाजी माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते. बोलता बोलता उठले, कापसातून आत गेले, दार उघडलं आणि परत येऊन बसले. दिवसातून कितीदा उठावं लागतं, हे मी त्यांना विचारलं नाही.