समासातली नोंद

ऋजुता आमच्या कार्यालयात आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपते, हे आधीच कबूल करून टाकते. मी देवासच्या जुन्या संस्थानी घरातली. आजोबा दप्तरदार, वडील तहसिलीत. कागद कसा सांभाळावा हे आम्हांला कुणी शिकवावं लागलं नाही. तिचे वडील जळगावकडून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले. शिक्षण सगळं हिंदीत, बोलते ती मराठीही अर्धी हिंदीच, आणि वाचताना अक्षरांवर बोट ठेवते. तरी माहितीच्या अधिकाराचं टेबल साहेबांनी तिला दिलं. एकोणीस वर्षं आवक-जावक सांभाळणारी मी होते तिथंच राहिले.

लोक येऊन मला विचारतात, "ऋजुता मॅडम कहाँ बैठती हैं?" मी बोटानं दाखवते. दिवसातून दहादा दाखवते. ती अर्जदाराला खुर्ची देते, कुठलं कलम कुठं लिहायचं ते समजावते, डबा उघडला की आधी समोरच्याला विचारते. मला हे सगळं नाटक वाटायचं. वाईट एवढंच, की सात वर्षांत ते एकदाही उघडं पडलं नाही.

गेल्या वर्षी हाटपिपल्याची एक बाई तिच्याकडे अर्ज घेऊन आली. तिची मुलगी एका संस्थेच्या वसतिगृहात राहायची. संस्थेच्या अध्यक्षांनीच अत्याचार केल्याची तक्रार त्या पोरीनं त्याच्या तीन वर्षं आधी केली होती. आमच्या कार्यालयानं चौकशी केली आणि पुढे सगळं थंड पडलं. अध्यक्ष अजून हारतुरे घेत फिरतात. पोरीची शाळा सुटली. आईला त्या चौकशीचा अहवाल हवा होता, तो मिळाल्याशिवाय तिचं कुणी ऐकतच नव्हतं.

फाईल जागेवर नव्हती. साहेब म्हणाले, "लिख दो, अभिलेख उपलब्ध नहीं है." ऋजुतानं लिहिलं नाही. मुदत टळली, बाईनं अपील केलं, तरी हिचं शोधणं चालूच. तिची रीत अशी, की फाईल मिळत नसली तर ती ज्या ज्या रजिस्टरातून गेली असेल ती सगळी काढून बसायची. आठ दिवस तिनं रेकॉर्ड रूमची धूळ खाल्ली. नवव्या दिवशी माझं जुनं जावक रजिस्टर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, इथं किनारेला काय लिहिलंय? तुमचं मराठी मला समजून नाही राहिलं."

मला न बघताच ठाऊक होतं. तोंडी हुकमावरून कागद हलला तर समासात तसं लिहून ठेवायचं, ही आमच्या घरची शिस्त. ऑफिसात सगळे हिंदीत लिहितात. या नोंदी मात्र मी मराठीत, वडिलांच्या लपेटदार वळणात लिहिते, म्हणजे कुणाला लागत नाहीत. तिथं लिहिलं होतं, 'साहेबांचे तोंडी आज्ञेवरून मूळ फाईल अध्यक्षांच्या ड्रायव्हरचे हाती दिली.' खाली तारीख आणि माझी सही.

"काही नाही गं, माझ्या रजेची नोंद आहे," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणून गेली. मला नोकरीची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीहून मोठा जळफळाट होता. हे हिच्या हाती लागलं तर ती बाई पुन्हा हिचंच नाव घेणार.

बाई दर सोमवारी बसनं यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. शेजारच्यांना सांगायची, "मॅडम ढूँढ रही हैं, मिल जाएगी." ते ऐकलं की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. तिला देण्यासारखं जे होतं ते माझ्याकडे होतं, आणि दुवा मिळत होता हिला.

बुधवारी अपिलाची सुनावणी झाली. वरचे अधिकारी आले होते. साहेबांनी खांदे उडवून फाईल गहाळ असल्याचं सांगितलं. मला राहवेना. मी रजिस्टर घेऊन उठले.

"सर, फाईल कहाँ गई, मैं बताती हूँ."

मी ती नोंद खड्या आवाजात वाचली, मग हिंदीत सांगितली. साहेबांचा चेहरा उतरला. मी मात्र ऋजुताकडे बघत होते, ती कशी खट्टू होते ते.

अधिकाऱ्यांनी समोरच्या कागदांतून त्याच नोंदीची छायाप्रत आणि तिला जोडलेलं एक पान काढलं. "ये तो ऋजुता जी ने सोमवार को ही लगा दिया है. अच्छा हुआ, आपने खुद भी बोल दिया."

माझ्या लपेटीचं एकेक अक्षर लावून तिनं सगळं हिंदीत उतरवलं होतं. दोन शब्द चुकले होते, बाकी चोख. अधिकाऱ्यांनी साहेबांकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि अध्यक्षांकडून फाईल परत आणायचा आदेश दिला.

बाई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हात जोडणार.

"आपको तीन साल से मालूम था?"

"हो," मी म्हणाले.

ऋजुताचा हात धरून ती बाहेर गेली. आणि मी, इतकं होऊनही, त्या धरलेल्या हाताकडेच बघत राहिले.