तीन मेंढे आणि युरोपचा इतिहास

युरोपचा इतिहास आमच्या घरात दोनदा नापास झाला होता. (नापास मी झालो होतो; पण आई लोकांना तसंच सांगायची.) आता पुन्हा आपटलास तर कॉलेज बंद आणि मेंढरांमागं जायचं, असं आबांनी बजावलं होतं.

अडायचं एकाच ठिकाणी. समाजवादी, साम्यवादी आणि फॅसिस्ट! औरंगाबादला वर्गात फरक कळायचा, पण एसटी पाचोडला पोचेपर्यंत तिघं एकमेकांत मिसळून जायचे. शेवटी पुस्तक घेऊन मी आमच्या माळावर आडवा झालो. वर पांढरे ढग, खाली आमची मेंढरं. ढग कुठं संपतात आणि मेंढरं कुठं सुरू होतात तेही कळेना. (अभ्यास असा छान चालला होता.) आणि त्या तंद्रीतच मला सगळा युरोप स्वच्छ दिसला!

एक मेंढा सगळ्यांना सांभाळून घेत पाळीपाळीनं पाण्यावर जायचा. समाजवादी! दुसरा थेट कुंपण मोडायचा, मालकी-बिलकी मानायचाच नाही. साम्यवादी! तिसरा कायम पुढं. परक्या कळपातलं दिसलं की टक्कर, आपल्यातल्यानं वाट सोडली तरी टक्कर, आणि बाकीचे मुकाट मागं. फॅसिस्ट! विसरू नये म्हणून तिघांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले. एक, दोन, तीन. किती सुखाची झोप लागली म्हणून सांगू!

आमच्यात गेरूचा पट्टा म्हणजे विकायला काढलेलं जनावर, हे मी रांगत होतो तेव्हापासून मला ठाऊक होतं; तंद्रीत नेमकं तेवढंच विसरलो. दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार. मी उठायच्या आत आबा तिघांना घेऊन गेले, आणि संध्याकाळी एकालाच घेऊन परतले.

"आबा, समाजवादी कुठंय?"

"कोन?"

"एका पट्ट्याचा!"

"इकला. दोन पट्ट्याचा बी इकला. पट्टे तूच वढले न्हवं?"

"आन् ह्यो?"

"ह्याला कोन घेतंय! तीन गिऱ्हाईकं आडवी केली त्यानं!"

"आवो, उद्या पेपर हाय माजा!"

"मंग मेंढा बसनार व्हता का पेपरला?"

बसला असता तर बरं झालं असतं. पेपरात माझ्या डोळ्यांपुढं एकच मेंढा. समाजवाद्यांनी टक्कर मारली, साम्यवाद्यांनीही टक्करच मारली. निकाल लागला आणि मी काठी घेतली.

वर्षभर ढग बघत त्या मेंढ्यामागं हिंडलो. तो वळला की मी वळायचो. मग आईच्या हट्टानं बाहेरून परीक्षेला बसलो. प्रश्न आला: लोक हुकूमशहांच्या मागे का गेले?

लिहिलं, 'पुढचा ठामपणे चालत असतो आणि मागचा स्वप्नात असतो.' पैकीच्या पैकी मार्क पडले. अनुभव होता ना!