रामीरोबाबांचं शेवटचं कडवं

रामीरोबाबा गाणं अर्ध्यावर सोडत नसत. मस्कतला, अझैब्याजवळच्या ज्या हॉटेलात मी बुकिंगचं काम बघत होते, तिथे ते शुक्रवारी दुपारी जेवणाऱ्यांसमोर गिटार घेऊन गात. एकदा ऐन जेवणात आगीची घंटा झाली. पाहुणे प्लेटा टाकून पार्किंगमध्ये पळाले. आम्ही डोकी मोजली, तर रामीरोबाबा नाहीत. आमचे दापोलीचे आचारी इस्माईलभाई आत डोकावून आले. "म्याडम, बाबा दुसऱ्या कडव्यावर हाय. उठायला तयार नाय." शेवटी दोन वेटरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. घंटा उगाचच वाजल्याचं कळेपर्यंत भर उन्हात गाणं पूर्ण झालं होतं आणि टाळ्याही पडल्या होत्या.

मी चांगलीच रागावले. "एक दिवस जळून मराल!"

"तेवढंच राहिलंय," ते खुशीत म्हणाले. "बाकी सगळ्या तऱ्हांनी मेलोय."

ते खरंच होतं. तरुणपणी मेक्सिकोत ते नावाजलेले गायक होते. आवाज ऐकून सिनेमावाल्यांनी बोलावलं, पण नायकाचा मित्र म्हणून. मित्राने गाणं सुरू करायचं आणि दुसऱ्या कडव्यात गोळी खायची, म्हणजे नायक सूड घ्यायला मोकळा. एकवीस सिनेमे, एकवीस मरणं. पुढे सिनेमे मिळेनासे झाले, मग बोटींवर गायले आणि असेच एकदा मस्कतला उतरले ते राहिलेच.

आमच्या स्टाफ कँटीनमध्ये फर्माईश व्हायची, "बाबा, आज विहिरीवालं मरण!" की हा सत्तरीचा माणूस टेबलावरून असा कोसळायचा की नवा वेटर पाणी आणायला धावे. मग उठून, कपडे झटकून ते राहिलेलं कडवं म्हणत. "कॅमेरा खलास," बोट वर करून सांगायचे, "गाणं खलास नाही." इस्माईलभाईंना बाबांचं हे नेहमीचं आवडतं गाणं म्हणजे निव्वळ रडगाणं वाटे. तसं ते सगळ्यांना सांगत आणि मासे तळताना तीच चाल गुणगुणत.

एके दिवशी मेक्सिकोहून एका तरुण दिग्दर्शकाचं बोलावणं आलं. आजोबांची मोठी भूमिका, वर बाबांचंच ते आवडतं गाणं. आठवडा झाला तरी बाबांनी उत्तर पाठवलं नव्हतं. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आजोबा नातीच्या लग्नात गाताना मरतात. मी नकार कळवतोय. बाविसाव्यांदा अर्ध्यात मरायचं नाही मला."

इस्माईलभाई कढई सोडून आले. "बाबा, जाके लडो ना उससे! इथं रुसून बसलाव तर त्याला काय समजनार? यल्ला, चलो, बॅग भरो!"

बाबा गेले. विमानतळावर मी विचारलं, "ऐकेल का तो?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

वर्षभराने सिनेमाची लिंक आली, सोबत एक अक्षरही नाही. शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपताच इस्माईलभाई तळलेली सुरमई आणि निम्मं किचन घेऊन माझ्या घरी हजर. स्पॅनिश कुणालाच कळत नव्हतं. बाबा पडद्यावर खोकले की इस्माईलभाई ओरडत, "गेला!" घोडा दिसला तरी ओरडत. अखेर लग्नाचा मांडव आला. बाबांनी गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात त्यांचा हात छातीकडे गेला.

बाबांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि तिसरं कडवं धरलं. गाणं पुरं केलं, नातीबरोबर नाचले, आणि ते नाचत असतानाच पडद्यावर नावं सरकू लागली.

आम्ही सगळे वेड्यासारखे नाचलो. मी फोन लावला. तिथे जेमतेम उजाडलं असेल, याचं भानच नव्हतं. इस्माईलभाईंनी तो हिसकावला. "बाबा! तुम जिंदा है!"

पलीकडून हसू आलं. मग बाबांनी विचारलं, "शेवटचं कडवं ऐकलंत ना?"

इस्माईलभाईंनी डोळे पुसले, फोन तोंडाशी धरला आणि ते रडगाणं पहिल्यापासून गायला लागले. निम्मे शब्द चुकीचे होते. पण भाईंनी ते मध्येच सोडलं नाही.